माळ्यावरचं काळं मशीन काढलंय ना? मग आधी हाताने एक टाका घालून बघा

दर मे महिन्यात मला असे दोन-चार फोन ठरलेले. "मावशी, आईचं मशीन माळ्यावरून काढलं, पुसलं, दोरा ओवला आणि चालवलं तर कापडाखाली नुसतं जाळं होतंय, मेकॅनिकला बोलवू का?" मी विचारते, दोरा ओवताना फूट (सुईजवळचा, कापड दाबून धरणारा पाय) वर होतं का खाली? तिकडे शांतता. मग म्हणते, फूट उचल, सगळा दोरा काढ आणि परत पहिल्यापासून ओव. पाच मिनिटांनी मेसेज येतो, झालं.

मी इचलकरंजीत घरीच शिवणाचे क्लास घेते, बरीच वर्षं झाली. आमच्याकडे पहिले दोन दिवस शिवायला कापड हातात देत नाही, त्यावरून बऱ्याच जणी कुरकुरतात. पण मशीन आत काय करतंय ते एकदा डोळ्याने बघितलं ना, की पुढे शिवण चांगली येते, बिघाड स्वतःला कळतो आणि बोटंही वाचतात. म्हणून इथेही त्याच क्रमाने सांगते, घाई असेल त्यांनीसुद्धा दोन दिवस थांबा.

हे मशीन म्हणजे नक्की कुठलं

मी बोलतेय ते आपल्या घराघरातलं काळं, सरळ टाक्याचं मशीन, लोखंडी स्टँडवरचं किंवा हाताच्या मुठीचं. उषा असो, सिंगर असो, मेरिट असो, साचा साधारण एकच, सिंगरच्या १५ नंबरच्या घराण्यातला, म्हणून बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ), बॉबिन केस (ती ठेवायची डबी), सुई बहुतेक वेळा एकाचं दुसऱ्याला चालतं आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात पार्ट मिळतात. नवीन पांढरी झिगझॅग मशीनं वेगळी दिसतात पण टाका घालायची तऱ्हा तीच, त्यामुळे बरंचसं तिथेही लागू आहे.

हाताच्या सुईला भोक मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईला पुढच्या टोकाला. एवढासा फरक, पण सगळं त्याच्यावर उभं आहे. एलियास होवे नावाच्या अमेरिकन माणसाने अशा टोकाला भोक असलेल्या सुईच्या आणि दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंट १८४६ साली घेतलं, सिंगरचं पेटंट १८५१ चं. आणि यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी सिंगरच्या शिलाई मशीनला मात्र अपवाद केला होता, हे मी क्लासमध्ये आवर्जून सांगते, कारण "हातशिलाईच बरी होती" म्हणणारी एक तरी आजी शेजारी असतेच.

आता मशीनसमोर बसा आणि बोट ठेवून ओळख करून घ्या. उजवीकडे चाक. चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते, ती ढिली केली की चाक फिरतं पण सुई हलत नाही. ही चकती फार कामाची, पुढे दोनदा लागणार आहे. डावीकडे वरखाली होणारा लिव्हर, त्याला भोक. तिथेच टेन्शन, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, स्प्रिंगने दाबलेल्या दोन चकत्या आणि पुढे घट्ट-सैल करायचा नट. खाली सुईचा दांडा, त्याच्या बाजूला फूट आणि फूट उचलायची मागची दांडी. फुटाखाली दाते. डावीकडची सरकती पट्टी उघडली की आत बॉबिन केस आणि ती जिच्यात बसते ते शटल. उजव्या बाजूला उभ्या पट्टीवर टाका लहान-मोठा करायचा स्क्रू किंवा खटका. झालं, एवढंच आहे. बाकी सगळं पोटातलं, ते आज नको.

एक टाका, अगदी सावकाश

हे मी प्रत्येकीला करायला लावते. वर लाल दोरा, खाली पांढरा (ओवायचं कसं ते पुढे येतंय), मांजरपाटाचा तुकडा, आणि पाय बाजूला. उजव्या हाताने चाक तुमच्याकडे फिरवा, म्हणजे चाकाचा वरचा भाग तुमच्या दिशेने आला पाहिजे. उलटं फिरवलं की दोरा तुटतो नाहीतर आत गुंडाळतो. सरकती पट्टी उघडी ठेवा, उजेड पडू द्या.

सुई खाली जाते, लाल दोरा घेऊन. तळाशी जाऊन किंचित वर यायला लागते आणि तेवढ्यात दोऱ्याचा छोटासा फासा सुईच्या पाठीशी फुगतो, बारीक बघा, तीळभर असतो. शटलचं टोक येतं आणि नेमकं त्या फाशात घुसतं, त्याला ओढून मोठं करतं आणि अख्ख्या बॉबिन केसला वळसा घालून सोडून देतं. मग वरचा लिव्हर झपकन वर जातो आणि जास्तीचा लाल दोरा ओढून घेतो, आणि पांढरा दोरा त्यात अडकलेला कापडाच्या मधोमध बसतो. तेव्हा दाते वर येतात आणि कापड एक पाऊल मागे सरकवतात. चाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका.

आता विचार करा, सुई वाकडी असली, किंवा उलटी बसवली, तर तो तीळभर फासा शटलच्या टोकापासून लांब पडणार, टोक रिकामंच जाणार. यालाच आपण "मशीन टाका सोडतंय" म्हणतो. टेन्शनने वरचा दोरा धरलाच नाही तर लिव्हर ओढणार काय, फासे खालीच साठणार. हे ते सुरुवातीचं जाळं! म्हणजे जाळं खाली दिसतं पण चूक वर असते, आणि लोक बिचाऱ्या बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात.

अजून एक, कापड सरकवायचं काम दात्यांचं आहे, तुमचं नाही. सुई कापडात असताना तुम्ही मागून ओढलंत तर सुई वाकते, खालच्या प्लेटवर आपटते आणि तुकडा उडतो.

सुई आणि दोरा

सुई बसवताना तिला लिव्हर वर असताना, पूर्ण वर टेकेपर्यंत सारा आणि मग स्क्रू आवळा. सुईच्या वरच्या जाड भागाची एक बाजू चपटी असते आणि तिच्यासमोरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत लांब खाच असते, नखाने लागते. नियम लक्षात ठेवा, दोरा ज्या बाजूने भोकात जातो तिकडे खाच. काळ्या मशीनला बॉबिन डावीकडून बसते, तर खाच डावीकडे, चपटी बाजू उजवीकडे चाकाकडे, आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. समोरून बॉबिन बसते त्या नवीन मशीनना चपटी बाजू मागे.

नंबर कापडाप्रमाणे. जॉर्जेट, शिफॉन, व्हॉइल असलं झिरझिरीत असेल तर ९ किंवा ११, टू बाय टू, पॉपलीन, कॉटनचे ड्रेस १४, जीन्सला आणि जाड पिशव्यांना १६ किंवा १८. पाकिटावर १४ च्या जोडीला ९० लिहिलेलं असतं, ते म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. टी-शर्टचं होजिअरी कापड असेल तर त्याला बोथट गोल टोकाची वेगळी सुई मागा, साध्या सुईने टाके सुटतात आणि आपण मशीनला शिव्या देतो. दुकानात "घरच्या मशीनची सुई" असं स्पष्ट सांगा, टेलरच्या मोठ्या मशीनची सुई गोल दांड्याची असते, ती चालत नाही. आणि सुई काही वंशपरंपरागत दागिना नाही हो, आईच्या वेळची ठेवून शिवू नका, टोक बोथट झालं की टकटक आवाज येतो आणि कापडाचे धागे ओढले जातात, तेव्हा बदला.

बॉबिन भरायची तर चाकाच्या मधली ती चकती ढिली करा, एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने चकती आपल्याकडे फिरवायची. बॉबिन भरायच्या खुंटीला बसवली, तिचं रबर चाकाला टेकवलं की फक्त बॉबिन फिरते. दोरा सगळीकडे सारखा भरला पाहिजे, एका बाजूला फुगवटा झाला तर काढून परत भरा, आळस करू नका. काठोकाठ भरू नका. भरून झालं की चकती परत आवळा, नाहीतर मग "मावशी, चाक फिरतंय पण सुई हलत नाही" असा फोन येतो.

बॉबिन केसमध्ये घालून दोरा फटीतून ओढून पत्तीच्या खाली आणा. मग नुसत्या दोऱ्याला धरून केस लटकवा आणि हलकासा झटका द्या. थोडी खाली उतरून थांबली तर टेन्शन बरोबर. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवायचा, आणि ते काम ताटात धरून करा, तो स्क्रू मोहरीएवढा असतो, फरशीवर पडला की गेला. केस आत बसवताना सुई वर हवी आणि "टक्" असा आवाज ऐकू आलाच पाहिजे. आवाज नाही आला तर ती बसलेली नाही, पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आपटणार.

वरचा दोरा ओवताना दोन गोष्टी वर ठेवा, फूट आणि लिव्हर. फूट वर असलं की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा मध्ये जाऊन बसतो. खाली असलं की चकत्या मिटलेल्या, दोरा कडेवरच राहतो. रिळातून वरच्या कडीत, तिथून खाली चकत्यांच्या मध्ये, तिथली बारीक तारेची स्प्रिंग आहे तिच्यात अडकवून, परत वर लिव्हरच्या भोकातून, मग खाली कड्यांमधून सुईत. आता फूट खाली करून दोरा ओढून बघा, जड लागला पाहिजे. लागला नाही तर ओवणं चुकलं, पुढे जाऊच नका. मग वरच्या दोऱ्याचं टोक डाव्या हातात धरून चाकाचा एक फेरा, खालचा दोरा फासा होऊन वर येतो, दोन्ही टोकं चारेक इंच ओढून फुटाखालून मागे सारून ठेवायची.

पायाची सवय

मधली चकती परत ढिली करा. फूट वर, दोरा नाही. आता नुसतं पायडल चालवायची प्रॅक्टिस, सुई हलणार नाही त्यामुळे धोका नाही. उजवा पाय जरा पुढे, डावा जरा मागे, टाच आणि चवडा आळीपाळीने. सुरुवात नेहमी हाताने, चाक आपल्याकडे ढकलायचं आणि पायाने ती लय पकडायची, झोपाळ्यासारखं. चाक उलट जायला लागलं की लगेच पाय सोडायचा आणि हाताच्या तळव्याने चाक अडवायचं. टीव्ही बघत बघत अर्धा तास करा, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतील, ते चालतं. पाय सुरू करण्यापेक्षा पाहिजे तिथे थांबवणं महत्त्वाचं, मी तर म्हणते पाच टाके म्हटलं की पाचव्यावर थांबता आलं पाहिजे.

मग पोरांच्या जुन्या वहीचं पान घ्या. दोरा नको, जुनी सुई लावा, कागदाने नवी सुई बोथट होते. चकती आवळून पानाच्या रेघांवरून भोकं पाडत जा. नजर सुईवर नाही, फुटाच्या कडेवर आणि रेघेवर ठेवायची, सुईकडे बघत बसलं की रेघ वाकडी जाते, सायकल शिकताना खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यातच जातो तसं. रेघ जमली की चौकोन, कोपऱ्यावर सुई खाली ठेवून फूट उचलायचं, कागद वळवायचा, फूट खाली, पुढे. मग गोगलगायीच्या शंखासारखा गोल गोल. गोल जमला की गळ्याची पट्टी जमली समजा.

बसताना सुई तुमच्या नाकासमोर पाहिजे, मशीनच्या मध्यावर बसलं की मान आणि कंबर दोन्ही जातात. दिवा डाव्या बाजूने. डावा तळवा कापडावर सपाट, उजवा हात पुढून वाट दाखवतो, दोन्ही हात सुईपासून निदान दोन इंच लांब.

बोटं, केस, पदर

मी चौदा वर्षांची होते. आईच्या मशीनला नुकतीच मोटर बसवली होती आणि मला भलताच उत्साह. सुईत दोरा जात नव्हता म्हणून मी वाकून, डाव्या हाताची तर्जनी सुईमागे पांढरा आडोसा म्हणून धरून ओवत होते, आणि पाय कुठे होता? पायडलवरच. जरासा भार पडला असणार. नखातून आरपार. रक्त फार आलं नाही, पण खटकन झालेला आवाज अजून आठवतो, आणि आईने ओरडायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं हेही आठवतं.

तर नियम एकच आणि तो मी क्लासच्या भिंतीवर लिहून ठेवलाय, बोट सुईखाली तर पाय जमिनीवर. मोटर असेल तर सुई बदलताना, बॉबिन काढताना, तेल घालताना बटणसुद्धा बंद.

आणि तरीही गेलीच सुई बोटात, तर हात झटकून ओढू नका, हेच सगळे करतात आणि सुई आत मोडते. बटण बंद करा, चाक हाताने सावकाश फिरवून सुई वर आणा. नसेलच येत तर सुईचा स्क्रू ढिला करून सुई दांड्यातून सोडवा आणि तशीच दवाखान्यात जा. सुई निघाली असेल तर साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबा, आणि सुईचे तुकडे जुळवून बघा, टोक सापडलं नाही तर ते बोटात असू शकतं. चिमट्याने उकरायचं नाही, डॉक्टर एक्सरे काढतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा. माझ्या वेळी दोन्ही झालं होतं.

बाकी सांभाळायचं म्हणजे मोकळे केस बांधा, कारण दोरा ओवायला वाकलं की केस लिव्हरजवळ जातात. पदर कमरेला खोचा, ओढणी काढूनच ठेवा, स्टँडचं खालचं मोठं चाक पदर असा गिळतं की मानेला हिसका बसतो. लांब मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. टाचण्या टोचल्या असतील तर फूट जवळ आलं की काढत चला, वरून शिवायचं नाही, सुई टाचणीवर बसली तर तुकडा डोळ्याकडे उडतो. मोडक्या सुया आणि वाकड्या टाचण्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत जमवा, केरात टाकू नका, केर काढणाऱ्या बाईच्या हाताला लागतात.

घरात लहान मूल असेल तर सगळ्यात मोठी भीती सुईची नाही, पट्ट्याची. मशीन चालू असताना ते बाजूने येऊन पट्टा आणि चाकाच्या मधल्या फटीत बोट घालतं. शिवताना उजवी बाजू भिंतीकडे ठेवली की ही वाटच बंद होते.

मोटरवाल्यांनी अजून एवढं बघायचं, प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग खरं पाहिजे. मशीनचं अंग लोखंडाचं आहे, हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखी चुणचुण झाली तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा, "पावसाळ्यात होतं असं" म्हणून सोडू नका. ओल्या फरशीवर अनवाणी बसू नका. खूप वेळ हळूहळू शिवलं की पायडल गरम होतं, थोडी विश्रांती द्या. जळका वास आला तर बंद. आणि दूध उतू जातंय म्हणून उठलात तरी आधी बटण.

तेल

मशीनचंच पातळ पांढरं तेल. खोबरेल नाही, गोडेतेल तर मुळीच नाही. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं हे तुम्ही डिसेंबरमध्ये बाटलीत बघता, तेच मशीनच्या सांध्यात होतं, आणि गोडेतेलाचा तर चिकट राळेसारखा थर बसतो. माळ्यावरचं जाम झालेलं मशीन बहुतेक वेळा असल्या तेलानेच जाम झालेलं असतं. त्याला आधी प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब घालून रात्रभर ठेवा (जवळ गॅस, उदबत्ती काही नको, खिडकी उघडी), सकाळी चाक हाताने मागेपुढे हलवून मोकळं करा, जोर लावू नका, परत थेंब, परत हलवा. घाण काळं पाणी गळेल, ते पुसा आणि मग खरं तेल.

रोज शिवत असाल तर आठवड्यातून एकदा, प्रत्येक भोकात आणि सांध्यात एकच थेंब. शटल काढून दात्यांखालची लोकर जुन्या ब्रशने झाडा, ती दोऱ्याची धूळ तेल पिऊन वाटीच्या तळासारखी घट्ट बसलेली असते. तेल घातल्यावर दोरा न लावता, फूट वर ठेवून दोन मिनिटं चालवा आणि नंतर चिंधीवर शिवून बघा, नाहीतर पहिला डाग कोणाच्या तरी नव्या ब्लाउजवर पडतो.

नेहमीच्या तक्रारी, भरभर

खाली जाळं, तर वरचा दोरा परत ओवा. तरी तेच, तर वरचं टेन्शन जरा आवळा. वरच्या बाजूला दोरा ताठ सरळ पडलाय आणि खालचे ठिपके वर दिसतायत, तर वरचं टेन्शन सैल करा. वरचा दोरा सारखा तुटतो, तर सुई उलटी, सुईच्या भोकाला खरखरीत कड, टेन्शन फार घट्ट, किंवा दोराच जुना सडका, दोन्ही हातांनी झटका देऊन बघा, कागदासारखा तुटला तर फेकून द्या. टाका सुटतोय, तर सुई बदला, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच जातं. कापड पुढे जात नाही, तर टाक्याचा खटका शून्याजवळ आहे का बघा, नेहमीच्या शिवणीला इंचाला दहाएक टाके पुरतात. पायडल हलकं पडतंय आणि चाक फिरत नाही, तर पट्टा सैल झालाय, हूक काढून अर्धा इंच कापा, नवं भोक पाडा, हूक दाबून बसवा, त्याची टोकं बाहेर राहू देऊ नका, बोट फाटतं.

एवढं सगळं करूनही आत लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, किंवा शटलच्या टोकाला नखाने खरखर लागत असेल, तेव्हा मात्र मेकॅनिक. तो पैसा वाचवायचा नाही.

पहिलं काय शिवायचं म्हणाल तर उशीचा अभ्रा नाहीतर भाजीची पिशवी, सगळ्या सरळ शिवणी, चुकलं तरी कोणी बघत नाही. ब्लाउज महिनाभर नको.

आणि रात्री उठताना, फुटाखाली चिंधीची दोन पदरी घडी सारून फूट खाली सोडा, म्हणजे दाते घासत नाहीत आणि गळालेलं तेल चिंधीत मुरतं. सुई त्या चिंधीतच खाली राहू द्या. मोटर असेल तर प्लग काढा, आणि पायमशीनचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवा, मग सकाळी तुमच्या आधी उठून नातवाने पायडलवर उभं राहून कितीही डोलवलं तरी वरची सुई हलत नाही.